भाऊची पाण्यातली घडी

भाऊ,

तुझी घडी माझ्या हातात आहे. दवाखान्यातून वहिनीकडे एक प्लास्टिकची थैली दिली होती, तीत तुझा चष्मा, कंगवा आणि ही. तिसऱ्या दिवशी मी थैली उघडली तेव्हा काटे थांबले होते. मामी म्हणाली, "पाह्य व, मालक गेला अन् घडीनंही जीव सोडला." पण तूच कितीदा सांगितलं होतंस की हिला सेल नाही, चावी नाही. हात हालला की आतलं चाक फिरतं आणि तेवढ्यावर ती चालते. काढून ठेवली तर दोन दिवसांत थांबते. तिनं शोक वगैरे काही केला नव्हता. मी मनगटात घातली, अंगण झाडलं, दोन गुंड पाणी भरलं, ती चालू झाली. मग रेडिओवर बातम्यांच्या आधीचे ठोके ऐकून वेळ लावली, तू लावायचास तशी, शेवटच्या ठोक्याला काटे फिरवायची बाजूची मुंडी आत दाबून.

परवा तुझी तेरवी झाली. इतके दिवस लोक येत होते आणि जो तो तू पाण्यातून किती माणसं काढलीस ते मोजत होता. एक जण आकडा सांगायचा, दुसरा त्यात भर घालायचा. मला त्या मोजदादीत पडायचं नाही. तुझ्याशी माझं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. आणि दुसरं एक असं आहे, जे आपण कधी सुरूच होऊ दिलं नाही.

तू पलटण सोडून गावी आलास तेव्हा कारगिलची लढाई अजून व्हायची होती. तू इंजिनियर पलटणीत पाणबुड्या होतास. पूल बांधायच्या आधी नदीचा तळ चाचपून यायचा, बुडालेलं सामान वर काढायचं, हे तुझं काम. गावात कुणी तरी विचारलं, "नामदेव पलटनीत काय करत होता?" तू म्हणालास, "डायव्हर होतो." झालं. दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल तो विचारायचा, ट्रक होता का जीप होती? एका भल्या माणसानं तर आरमोरीच्या धान मिलमध्ये ट्रकवर लावून देतो म्हणून निरोप धाडला. तू कंटाळून म्हणालास, "बरं, लावून द्या." त्या दिवशी आपण दोघं पोट धरून हसलो होतो.

पण तू घरी का आलास ते हसण्यासारखं नव्हतं. सरावात तुझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता, म्हणून तुला सोडलं होतं. बरोबर एक ट्रंक, एक घोंगडी आणि मनगटावर ही घडी. ही सरकारी नव्हती. सरकारी घड्या कामापुरत्या मिळायच्या आणि परत जमा कराव्या लागायच्या. तशी एक आपली स्वतःची असावी म्हणून तू कोचीला शिकायला गेला असताना तिथल्या एका खलाशाकडून घेतली होतीस. जाड पोलादी डबी, काळी तबकडी, आकड्यांच्या जागी मोठे ठिपके, दिवस मावळला की हिरवट उजळणारे. भोवती दातेरी कडी. हिरव्या नायलॉनचा पट्टा, इतका लांब की उरलेलं टोक दुमडून परत खोचावं लागे. लोक हातात घेऊन आधी वजनच बघायचे.

बाबांना मात्र ती पहिल्याच दिवशी खटकली. ओट्यावर जाळं सांधत बसले होते. म्हणाले, "काऊन रे, पान्यात बुडी माराले घडी लागते? माह्या बापाच्या हातात कोनती घडी होती?"

तू म्हणालास, "बाबा, तुमचे दोन्ही कान शाबूत हायेत."

मग तू नीट सांगितलंस. "थंडं पानी कानात गेलं का डोकं गरगर फिरते. वर कुठी, खाली कुठी, कायी समजत नाई. वर चाललो म्हनून मी तळालेच जाईन."

"मंग नोको जाऊ पान्यात."

"ढिवराच्या घरी जल्मलो. कुठी जाऊ?"

 दोरीची युक्ती त्या संध्याकाळी बाबांनीच काढली. कमरेला दोरी बांधायची, दुसरं टोक नावेत कुणाच्या तरी हातात, आणि ठरलेली वेळ झाली की त्यानं ओढून वर काढायचं. तू खाली गरगरलास तरी दोरीला वर कुठे आहे ते ठाऊक असतं. बाबांना मोतीबिंदू होता, सेकंदकाटा दिसला नसता. आई आपली केव्हाच गेलेली. राहिले मी. बावीस वर्षांची, नाव वल्हवून दंड भक्कम झालेले.

घडी तुझ्याच हातात राहायची होती. पण गावच्या तलावात पहिल्यांदा बुडी मारलीस आणि वर येऊन थुंकत म्हणालास, "कायी दिसत नाई व शकुन. घडी नाकाले लावली तरी दिसत नाई." आपलं पाणी गढूळ. तुझ्या कोचीच्या समुद्रासारखं थोडंच होतं ते. तू नावेच्या काठाला लोंबकळत पट्टा सोडलास आणि माझा हात पुढं ओढलास. मनगटात ती फिरायची, म्हणून वर वर सरकवत बांगड्यांच्याही पुढं, कोपराजवळ नेऊन आवळलीस. म्हणालास, "हे तुह्याकडं राहू दे. खाली मी दम पाहीन. वर टाइम तू पाह्य."

तेव्हापासून खोल पाण्यात जायला बनवलेली ती घडी नावेत कोरडीच राहायची आणि तू तिच्याशिवाय खाली जायचास. धुणं धुणाऱ्या बायका हसायच्या. "शकुनबाई पलटनीत भरती झाली व!" मला आतून बरंच वाटायचं. हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि त्यांच्या वर ते काळं, जड, पुरुषी काही तरी. घरी आल्यावर मी ती परत द्यायची, तू पट्टा साबणानं धुवून चुलीच्या बाजूला वाळत टाकायचास. पावसाळ्यात तरीही त्याला कुबट वास यायचा, मासोळीचा आणि घामाचा.

आता तो दिवस.

रोवणीचे दिवस होते. पाऊस चार दिवस उघडला होता, वैनगंगा उतरत होती, पण पाणी लाल होतं आणि ओढ होती. आपण तिघं सकाळी जाळी काढायला नदीत होतो. समोरच्या घाटावरून एक डोंगा निघाला. त्यात रोवणीला जाणाऱ्या बायका आणि धानाच्या रोपांच्या जुड्या, काठोकाठ. मध्यावर तो एका अंगाला कलला आणि उलटला. आवाज फारसा झालाच नाही. बायका उलट्या डोंग्याला धरून राहिल्या, दोघी पोहत काठाला लागल्या. पलीकडच्या काठावर एक माणूस ओरडत होता, "सुमन! माही सुमन कुठी हाय?" तो केवळराम. त्याची बायको वर आली नव्हती.

बाबांनी आणि मी वल्ही मारली तशी आयुष्यात कधी मारली नसतील. आपण पोचेपर्यंत तू दोरी बांधून, घडी माझ्या हातावर चढवून तयार होतास. पहिली बुडी साठ सेकंदांची. काही नाही. तू तीन श्वास घेतलेस आणि म्हणालास, "नव्वद. नव्वदच्या आंधी ओढू नोको. समजलं?"

"समजलं."

तू गेलास. मी काट्याकडे बघत होते. वीस. चाळीस. दोरी हलत होती, म्हणजे तू हात फिरवत होतास. साठ. सत्तर. मग दोरी एकदम ताठ झाली आणि जड झाली. अशी जड ती कधीच झाली नव्हती. मला वाटलं तू अडकलास, तळाच्या झाडोऱ्यात पाय गुंतला. काटा तेव्हा ऐंशीवर होता, भाऊ. मी तो पाहिला. ऐंशी आहे हे मला कळलं. आणि मी सगळा जीव लावून दोरी ओढली.

तू वर आलास. एक हात पुढं पसरलेला, बोटं अर्धवट मिटलेली. धाप लागलेली असतानाच विचारलंस, "नव्वद झाले?"

मी म्हणाले, "झाले."

"हात होता, शकुन. माह्या हातात तिचा हात होता."

एवढंच बोललास. मग परत गेलास. परत, परत. शेवटी बाबांनी तुला कमरेला धरून नावेत पाडलं. सुमन दुसऱ्या दिवशी दोन कोस खाली गवताला अडकलेली सापडली.

दोरी जड का झाली होती ते मला त्याच रात्री समजलं. तू तिला धरलं होतंस म्हणून. जे वजन मला भीतीचं वाटलं ते तिचं होतं. तुझ्या एका हाताची पकड बसायला दहा सेकंद लागले असते की वीस, ती तेव्हा जिवंत होती की नव्हती, हे कुणी सांगू शकत नाही. मी स्वतःला हे हजारदा सांगितलं आहे. पण मी घाबरून ओढलं ती एक गोष्ट, आणि तू विचारल्यावर 'झाले' म्हणाले ती वेगळी. पहिलीसाठी मी स्वतःला माफ करू शकते. दुसरीसाठी कुणी तरी दुसऱ्यानं करायला हवं होतं.

त्या दसऱ्यानंतर तू भद्रावतीला पहारेकऱ्याची नोकरी धरलीस आणि गाव सोडलंस. कानाचं कारण सांगितलंस, लग्नाचं सांगितलंस. मला वाटलं, माझं तोंड नको म्हणून चाललास. तुझी ट्रंक बसवर चढवताना मी बांधून दिलेली भाकरी तू विसरलास, तेही मी त्यातच धरलं.

तिकडे तुझं बरं चाललं. वहिनी आली, मुलगी झाली. कॉलनीत तू 'घडीवाला भाऊ' झालास. उन्हाळ्यात घडी काढलीस की मनगटावर पांढरा पट्टा उमटलेला असायचा. वहिनी कुरकुर करायची, "पोरगी कडेवर घेता अन् तिच्या गालाले ते लोखंड लागते, काढून ठेवा न." तू काढायचास, दहा मिनिटांनी परत घालायचास. काचेवर आडवा ओरखडा होता, तो पुसून टाकायला घड्याळजी तयार होता, तू नको म्हणालास. पट्टे मात्र तीनदा बदललेस, दर वेळी तसाच हिरवा शोधून.

माझं लग्न गावातच झालं आणि मी अंगणवाडीत लागले. तिथं आम्हाला लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. मूल शांत असताना त्याच्या छातीकडे बघायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पूर्ण मिनिट. बाकीच्या बाया अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायच्या. मी कधीच केलं नाही. तू एकदा आला होतास तेव्हा मी एका तान्ह्या पोरीचे श्वास मोजत होते, घड्याळ नव्हतं म्हणून तू हात पुढं केलास. मी साठला थांबले आणि मान वर केली. तू माझ्याकडे बघत होतास. काही तरी बोलशील असं वाटलं. तू म्हणालास, "पोट्टी बरी हाय न?" पोट्टी बरी नव्हती. तिला आरमोरीला नेलं आणि ती वाचली. आता ती शाळेत जाते.

आपलं भांडण दिवाळीचं असायचं, दर वर्षी. मी म्हणायची, आता पाणी सोड. तुला मुलगी आहे. कान तसाच आहे. तू म्हणायचास, "बलावते तं जा लागते." कुणी तलावात बुडालं, कुणी पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणीत, की पोलीस पाटील निरोप धाडायचा आणि तू निघायचास. आणि मग एस.टी.तून आरमोरीला उतरून, खांद्यावर दोरीची पिशवी घेऊन, माझ्या अंगणवाडीच्या दारात उभा.

मी ओरडायची. "तिकडं गडी नाहीत का? माझ्याहून ताकदीचे शंभर मिळतील."

"गड्याइले ताकद हाय. तुले भेव हाय. दोरीवर भेव असनारं मानूस पाह्यजे."

मला तो टोमणा वाटायचा. तरी यायची. मुलांना मदतनीसबाईंकडे सोपवून, साडीचा काष्टा मारून यायची. घडी परत कोपरापर्यंत चढायची. त्या दिवसानंतर एकदाही मी वेळेआधी ओढलं नाही, आणि एक सेकंद उशीरही केला नाही.

आलापल्लीचं तुला आठवत असेल. जंगलातल्या एका तलावात मोहाची फुलं वेचायला गेलेला म्हातारा बुडाला होता. तू तिसऱ्या बुडीला त्याला वर आणलंस. त्याचा लेक तुझ्या पायाशी बसला आणि तू त्याच्या शेजारी बसलास, ओल्या अंगानं, बराच वेळ. दुपारी जंगलखात्याच्या माणसानं आपल्याला रस्त्यावर सोडलं. बसला उशीर होता. आपण सागाखाली बसलो, मोठमोठी वाळकी पानं एकेक पडत होती, हॉटेलवाल्यानं चहा आणून दिला. माझ्या हातात घडी होती आणि मी उगाच तिची कडी फिरवत होते. एका बाजूला कट कट करत फिरायची, दुसऱ्या बाजूला हलायचीच नाही.

मी म्हणाले, "बिघडली का रे ही?"

"बिघडली नाई. ते तसंच बनवलं हाय. खाली जाताना कडीवर टाइम लावून ठेवाचा. खडकाले घासून कडी फिरली तं काय होईन? एकाच बाजूनं फिरन. टाइम हाय त्याच्याहून जास्त झाला असंच दाखवन. मंग मानूस लवकर वर येईन. उशिरा कधी येनार नाई." तू चहाचा घोट घेतलास. "बनवनाऱ्यानं इचार केला, चूक तं होनारच. मंग ते जीव वाचनाऱ्या बाजूनंच होऊ दे."

 इतक्या वर्षांत एवढं जवळ दार उघडलं नव्हतं. मी म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी नदीत..."

"चाहा पी, थंडा होऊन राह्यला."

मी चहा प्यायले. मला वाटलं तुला ऐकू आलं नाही. मी तुझ्या डाव्या बाजूला बसले होते.

मागच्या महिन्यात तुला ताप आला आणि चौथ्या दिवशी तू गेलास. डासाच्या तापानं. तुला नदी नेईल म्हणून मी पंधरा वर्षं धास्तावले होते, आणि तू खाटेवर गेलास, कोरड्या कपड्यांत. मी पोचले तेव्हा तुला शुद्ध नव्हती. नदीचं मला बोलायचं होतं, पण तेव्हा बोलणं म्हणजे स्वतःची सुटका करून घेणं झालं असतं. तुझे पाय चेपत बसले.

चुलतभाऊ म्हणाले, घडी त्याच्या हातात परत घाला, बरोबर जाऊ द्या. वहिनीनं ऐकलं नाही. नंतर मला आत बोलावून म्हणाली, "बाई, ते म्हनत होते, घडी माही नाई, शकुनची होय. मी नुसती घालून फिरतो." मला वाटलं, दुःखात माणूस गोड बोलतं.

तेरवीला केवळराम आला. आता केस पांढरे झाले आहेत, पाठीत वाकला आहे. पंगत उठल्यावर मांडवाच्या खांबाशी टेकून बसला. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाला, "बाई, आता रोवणीच्या दिसात माह्या घरी कोन येईन?"

मला समजलं नाही. तेव्हा त्यानं सांगितलं. तू दर साली जायचास. सुमन गेली त्या दिवशी, न चुकता, भद्रावतीहून बसनं, मग घाटावरून पायी. अर्धा दिवस बसायचास, त्याच्या हातचा वरण-भात खायचास आणि परत. आपल्या गावावरून गेलास आणि मला कधी कळू दिलं नाहीस.

"पयल्या सालीच सांगतलं त्यानं मले," केवळराम म्हणाला. "हात जोडून सांगतलं. केवळराम, तुह्या बायकोचा हात माह्या हातात होता. माहा दम सरला. मीच दोरीले झटका देल्ला, वर घे म्हनून. शकुननं ओढलं ते माह्या इशाऱ्यावर. कोनी इचारलं तं तिले बोल लावू नोको."



भाऊ, तू झटका दिला नव्हतास. दोरी माझ्या हातात होती, मला ठाऊक आहे. म्हणजे तुला माहीत होतं. पाण्यात तू मनातल्या मनात सेकंद मोजत असायचास, सगळे पाणबुडे मोजतात, हे मला इतक्या वर्षांत एकदा सुचू नये? तू मला 'नव्वद झाले?' असं विचारलंस तेव्हाच तुला उत्तर ठाऊक होतं. आणि मी खोटं बोलले तेही. तरी त्यानंतर तू दर वेळी माझ्याच दारात येऊन उभा राहिलास, त्याच दोरीचं टोक माझ्याच हातात दिलंस.

मी केवळरामला सांगितलं. सगळं, जसं होतं तसं. भाऊनं झटका दिला नाही. दोरी जड झाली, मी घाबरले, दहा सेकंद आधी ओढलं आणि भावाला खोटं सांगितलं.  मांडवात पोरंबाळं खेळत होती, भांडी घासण्याचा आवाज येत होता.

केवळरामनं माझ्या मनगटाकडे बघितलं. मग म्हणाला, "हेच का ते घडी?"

मी पट्टा सोडला आणि त्याच्या हातात दिली. त्यानं विचारलं, दहा सेकंद म्हणजे कुठून कुठवर? मी बोट ठेवून दाखवलं, ह्या ठिपक्यापासून दोन ठिपके पुढं, इथवर. तो डोळ्यांजवळ धरून काटा बघत राहिला. काटा त्या ठिपक्यावर आला, पुढं सरकला, एक ठिपका ओलांडला, दुसऱ्यावर पोचला. त्यानं पुन्हा एकदा बघितलं, पुढच्या फेरीला. मग घडी मला परत दिली.

"लांब असते व," तो म्हणाला. "मले वाटलं, दहा सेकंद म्हंजे कायी नाई."



मग थोड्या वेळानं, उठता उठता, तो म्हणाला, "त्या दिशी घाटावर पाच-सात डोंगे होते, बाई. मी काठावरून सगळ्याइले हाका मारल्या. तुमची एकच नाव आली." गमछा खांद्यावर टाकला आणि दुपारच्या बसला गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. पण तो गेल्यावर मी जेवले, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मला मिठाची चव लागली.

भाऊ, तुझे माझ्यावर उपकार आहेत हे मी नाकारत नाही. दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेऊन दर साली नदी ओलांडणं सोपं नाही. तुला पाणबुड्या म्हणतात, पण तू एवढं खोल काही लपवू शकतोस असं मला वाटलं नव्हतं. तरी मला तुझा राग आला आहे. तू माझे दहा सेकंद माझ्या हातून काढून घेतलेस. एकदा तरी म्हणायचंस, शकुन, तू आधी ओढलंस. मी रडले असते, तुझ्या अंगावर धावून गेले असते, आठ दिवस बोलले नसते. मग संपलं असतं. आलापल्लीला मी तोंड उघडलं तेव्हा तुझा उजवा कान धड होता रे. तुला ऐकू आलं होतं.

तुला वाटलं असेल, तिला कशाला त्रास. मीही इतकी वर्षं तेच म्हणत होते, भावाला कशाला त्रास. दोघंही एकमेकांना सांभाळत बसलो, आणि दिवाळीला भांडलो ते भलत्याच गोष्टीवरून.

वहिनीला मी काल सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मुलगी मोठी झाली की तिला सांगायचं का. मी म्हणाले, सांगायचं. तिच्या बापाचं चांगलं तेवढं सांगून तिला अर्धा बाप देऊ नये. खोटं बोलला तेही सांगायचं, कुणासाठी बोलला तेही.

रोवणी महिन्यावर आली आहे. पऱ्ह्यांत, रोपांच्या वाफ्यांत, धान टाकलं आहे लोकांनी. त्या दिवशी मी अंगणवाडीला सुट्टी घेऊन केवळरामच्या घरी जाणार आहे. तुझ्या बदली जात नाही. तुझं तू करून गेलास. तो दारात बसवेल की नाही, ठाऊक नाही. बसवलं तर अर्धा दिवस बसेन, आणि सुमन कशी होती ते त्याला विचारेन. तिचं नाव मी इतकी वर्षं घेते आहे आणि ती कशी दिसायची हे मला माहीत नाही.